गुरुजींच्या आवाजातलं स्कॉटलंड

या अंकाचे संपादक दरवर्षी गणपती उठले की फोन करतात आणि म्हणतात, नाना, केबलच्या धंद्यातलं काहीतरी लिहा. मी लिहितो. कापसाच्या ट्रकने आमची तार भडगावपर्यंत ओढत नेली ती गोष्ट लिहिली, गच्चीवरच्या डिशमध्ये माकडांनी संसार मांडला ती लिहिली, भारत क्रिकेटचा सामना हरला म्हणून एका गृहस्थाने माझ्याविरुद्ध ग्रामपंचायतीत अर्ज दिला तीही लिहिली. लोक हसले, मला बरं वाटलं. पण जी सांगायला हवी होती ती मी प्रत्येक वेळी बाजूला सारली. संपादकांना एकदा तोंडी सांगितली होती, पण फक्त तिची चांगली बाजू. ते म्हणाले, हीच द्या. मी म्हणालो, पुढच्या वर्षी. अशा सहा-सात दिवाळ्या गेल्या. ज्यांच्याविषयी लिहायचं होतं ते वामन गुरुजी या आषाढात धुळ्याला वारले. आता टाळायला जागा राहिलेली नाही.

आधी धंदा सांगतो, कारण घरातली नातवंडं मला विचारतात की टीव्हीला तार कशाला लागायची. आमचं गाव गिरणेच्या काठी, भडगावहून सायकलने अर्ध्या तासाचं. माझ्या गच्चीवर चार मोठ्या डिश होत्या आणि खाली एका खोलीत यंत्रं. त्या खोलीला आम्ही कंट्रोल रूम म्हणत असू, जरी तिच्यात एका कोपऱ्यात सौभाग्यवतीची धान्याची कोठी होती. तिथून काळी जाड तार निघायची आणि खांबांवरून, कडुनिंबांवरून, लोकांच्या माळवदांवरून घरोघरी जायची. तारेतून जाताना चित्राचा जोर कमी होत जातो, जसं नळाचं पाणी शेवटच्या घराला करंगळीएवढं येतं. म्हणून काही अंतरावर जोर वाढवणारी एक पेटी लावावी लागते, आणि त्या पेटीला वीज लागते. मधल्या गल्लीची वीज गेली की पेटी मेली, आणि पुढच्या सगळ्या गल्ल्यांचं चित्र गेलं, तिथे वीज असो वा नसो. लोक म्हणायचे, नाना, आमच्याकडे पंखा फिरतोय आणि तुमची केबल बंद कशी? हे समजावून सांगणं हे तारा ओढण्याहून अवघड काम होतं. शेवटी मी समजावणं सोडलं आणि प्रत्येक पेटीखाली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी बसवली. त्या भारनियमनाच्या दिवसांत आसपासच्या गावांत अशी सोय कोणाकडेही नव्हती. हे मी आजही मान ताठ ठेवून सांगतो.

बाहेरच्या चॅनेलांबरोबर आमचं स्वतःचं एक गावचॅनेल होतं. त्यावर हळदी, मिरवणुका, वाढदिवस आणि हरवलेल्या म्हशी दाखवायचो. पण रोज कोणाची म्हैस हरवत नाही. वेळ उरायचा. एका दिवाळीत डॉक्टर जगदीश स्कॉटलंडहून गावी आले होते. आमच्याच गावचा हुशार मुलगा, तिकडच्या सरकारी दवाखान्यात लागलेला. जाताना डीव्हीडींचा एक खोका माझ्या हातात ठेवून म्हणाले, "नाना, तिकडे पहिल्या वर्षी मी एकटा होतो तेव्हा हे बघायचो. गावाची आठवण यायची. तुमच्याकडे वेळ उरतो ना, लावून टाका." दुसऱ्याची मालिका अशी लावणं कायद्याला धरून नव्हतं. सगळं खरं सांगायला बसलोच आहे तर हेही सांगून टाकतो.

मालिका तिकडच्या एका खेड्याची होती. डोंगरांच्या मधोमध एक लांबच लांब तळं, आपल्याकडे त्याला कोणी तळं म्हणणार नाही, नदीच म्हणतील. काठावर तीस-चाळीस दगडी घरं. टपाल वाटणारी एक बाई, जी प्रत्येकाचं पत्र त्याच्या आधी वाचते. पाहुणे न येणाऱ्या हॉटेलचा मालक, जो रोज सगळ्या खोल्यांच्या चादरी बदलतो. एकाच घरात राहणारे दोन भाऊ, मेंढ्यावरून झालेल्या भांडणानंतर अकरा वर्षं एकमेकांशी न बोललेले; एकमेकांना द्यायचे निरोप ते कुत्र्याला सांगतात. आणि तळ्यातून माणसं पलीकडे नेणारा एक म्हातारा नावाडी. तळ्यावर पूल होऊन कित्येक वर्षं झालेली, पण हा रोज सकाळी नाव काढून बसतो, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून गावातले लोक आठवड्यातून एकदा तरी पूल सोडून नावेने जातात. एवढंच त्या मालिकेत होतं. कोणी कोणाला विष देत नव्हतं, कोणाचा इस्टेटीवर डोळा नव्हता.

पहिले दोन भाग मी तसेच लावले. भाषा इंग्रजी, तीसुद्धा त्या डोंगरातली. कोणाला एक शब्द कळला नाही. तरी लोक बघत होते. का, तर त्यात सारखा पाऊस पडत होता आणि सगळं हिरवं होतं. आमच्याकडे फाल्गुनापासूनच डोळे भाजतात. लोक कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून संध्याकाळी घरी येत आणि जेवताना दुसऱ्या कोणाचा तरी पाऊस बघत बसत. एका गृहस्थाने तक्रार केली की तुमच्या केबलला हिरवा रंग जास्त येतो. मी शिडी घेऊन गेलो, जोड तपासले, त्यांच्या टीव्हीचा रंग कमी केला. तेव्हा टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाई आजारी दिसू लागल्या. रंग पुन्हा वाढवला. मग लक्षात आलं की बिघाड आमच्यात नव्हता, तो देशच तसा होता.

इथे वामन गुरुजी येतात. मी पाचवीत असताना ते नवीनच आमच्या शाळेत इंग्रजीला लागले होते, आणि मी त्यांच्याच विषयात दोनदा नापास झालो. निवृत्त झाल्यावर गावाचं वाचन त्यांच्याकडे होतं. बँकेचा कागद, कोर्टाची नोटीस, विम्याचं पत्र, काहीही आलं की लोक गुरुजींच्या ओट्यावर जायचे. गुरुजी चष्मा पुसून वाचायचे आणि अर्थ सांगायचे. त्यांनी सांगितलं की विषय संपला. पुन्हा कोणी कोणाला विचारत नसे.

मी त्यांना म्हणालो, गुरुजी, तुम्ही माईकसमोर बसून लोकांना सांगाल का, काय चाललंय ते? त्यांनी आठवडाभर विचार केला. मग होकार दिला, पण अटी घातल्या. डीव्हीडी दोन दिवस आधी त्यांच्या घरी पोचली पाहिजे. बहिऱ्यांसाठी खाली इंग्रजी अक्षरं उमटायची सोय तिच्यात होती, ती लावून ते भाग तीन वेळा बघत. एका शंभर पानी वहीत लिहून काढत. अडलेला शब्द जाड कोशात शोधत, नाही सापडला तर त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह. गुरुवारी साडेसातला कंट्रोल रूममध्ये धान्याच्या कोठीला टेकून बसत आणि अहिराणीत सांगत. शाळेत आयुष्यभर ते पुस्तकी मराठी बोलले, पण ही गोष्ट त्यांनी घरच्या भाषेत सांगायची ठरवली. बाईचा आवाज, म्हाताऱ्याचा आवाज असलं काही नाही. शेजारी बसलेला माणूस जसा आपल्याला सांगतो तसं: आता हाऊ म्हणस, मी येवाव नही, ती म्हणस, नको येऊ, तुन्हा वाटाना चहा मी पिसू. एखाद्या जागी नाही कळलं तर सरळ सांगत, हे वाक्य माले समजनं नही. लोकांना त्याचंच जास्त कौतुक वाटे. गुरुजींना समजलं नाही असंही काही असतं, आणि ते गुरुजी कबूल करतात.

दोन महिन्यांत काय झालं ते मी पाहिलं आहे, म्हणून सांगतो. गुरुवारी साडेसातला आमच्या गावात रस्त्यावर कुत्रीसुद्धा एकटी पडायची. बाया बुधवारीच गुरुवारची भाजी निवडून ठेवू लागल्या. शेजारच्या दोन गावांनी तार मागितली. तिकडच्या माणसांना इकडची नावं पडली: टपाल वाटणारी ती पोस्टीणबाई, नावाडी तो नाववाला आबा. भावांच्या भांडणाचा भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातले एक गृहस्थ तरातरा माझ्याकडे आले. त्यांचंही सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं. म्हणाले, आमच्या घरचं भांडण तुम्ही टीव्हीवर दाखवायला नको होतं. मी त्यांना शपथेवर सांगितलं की ते स्कॉटलंडचे आहेत. ते म्हणाले, "मंग कुत्रानी गोष्ट त्यास्ले कोनी सांगी?"

लोकांना त्यात काय आवडत होतं, याचा मी पुढे खूप विचार केला. एक म्हणजे त्यात रुसलेली माणसं होती, दुष्ट नव्हती. आपल्या आजूबाजूलाही तीच असतात, पण टीव्हीवर कोणी दाखवत नाही. दुसरं म्हणजे त्या गावात कोणालाच घाई नव्हती. एक गेट दुरुस्त करायचं तर अख्खा भाग जायचा, सहा जण सल्ले द्यायचे आणि शेवटी गेट तसंच राहायचं. पहिल्या गल्लीतली सीताअक्का म्हणाली होती, "हाई ते आपलंच गाव शे, फक्त पानी जास्त शे." सीताअक्का म्हणजे साठीची विधवा बाई. मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, त्याचा फोन येईल तेव्हा येईल. तिचा जीव नाववाल्या आबात गुंतला होता. आबा पावसात भिजला की ही गुरुजींना वाटेत अडवून विचारायची, त्याला कोरडं धोतर द्यायला कोणी नाही का.

आता अखजीचं सांगतो. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला अखजी म्हणतात आणि तो लेकींचा सण आहे. सासरच्या सगळ्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, गाणी चालतात. त्या वर्षी अखजी आणि गुरुवार पाठोपाठ आले. मी मारुतीच्या पारासमोर मोठा पांढरा पडदा बांधायचं ठरवलं, माहेरवाशिणींनी आणि गावच्या जावयांनी आमच्या गावाचं हे कौतुक बघावं म्हणून. चार दिवस आधीपासून रिक्षावर भोंगा लावून तीन गावांत पुकारा केला. पुकारणारा आवाज माझाच होता.

मंगळवारी गुरुजी वही घेऊन आले. म्हणाले, "सुभाष, या भागात आबा मरतो."

प्रत्यक्ष मरताना दाखवलं नव्हतं. सकाळी नाव काठाला बांधलेली, तिच्यात त्याची टोपी, आणि मग सगळं गाव काळे कोट घालून पावसात काठावर उभं. एवढंच. गुरुजी म्हणाले, भाग पुढच्या आठवड्यावर टाक, या गुरुवारी जुना एखादा लाव. सरळ उपाय होता. पण मी तीन गावांत ओरडून आलो होतो की नवा भाग, नवा भाग. लोक म्हणतील नानाला जमलं नाही. मी म्हणालो, भाग हाच लावू, तुम्ही सांगा की आबा मुलीकडे निघालाय आणि गाव त्याला पोचवायला आलंय.

गुरुजींनी वही मिटली. म्हणाले, मी जे नाही ते सांगत नाही.

मग मी आपल्याकडच्या रीतीचा आधार घेतला. सणाला माहेरी आलेल्या लेकीच्या सासरहून वाईट निरोप आला तर आपण तो लगेच तिच्या कानावर घालतो का? तिचं जेवण होऊ देतो, सण होऊ देतो, मग सांगतो. इथे तर सगळ्या गावच्या लेकी जमल्या आहेत. त्यांना ऐन सणात मयत दाखवायचं?

गुरुजी म्हणाले, "आपण एक दिवस लपवतो. दुसऱ्या दिवशी सांगतो. तू पुढच्या गुरुवारी सांगू देशील?"

मी म्हणालो, "देईन."

त्या संध्याकाळी पारासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर काळे कोट घातलेली माणसं पावसात उभी, आणि गुरुजींचा आवाज: आबा आंडेरकडे चालना, गाव त्याले वाटे लावाले उनं. सगळ्या पोरी रडल्या. चार दिवसांनी त्यांनाही असंच वाटेला लागायचं होतं. भडगावहून आलेल्या एका जावयाने माझा हात धरून सांगितलं की असं त्याने आजवर काही पाहिलं नाही. मी खूप फुगलो. गुरुजी माईक बंद करून मागच्या दाराने घरी गेले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी वही दाखवली. पहिल्याच पानावर लिहून आणलं होतं: मागच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी म्हणालो, गुरुजी, एवढ्यात नको. लोक विचारताहेत आबा कधी येणार, हसतखेळत विचारताहेत, कशाला विरजण घालता. त्यांनी त्या गुरुवारी त्या विषयावर काही सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारलं. मी पुन्हा थांबवलं. असे दहा-बारा गुरुवार गेले. प्रत्येक वेळी ते पान वहीत होतं. मी त्यांना हातापाया पडून थांबवलं असतं तर निदान ते तरी खरं झालं असतं. मी त्यांना वचन विसरल्यासारखं करून थांबवलं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करायचे असतात. त्याचे गहू मोजायची एक रीत आहे: भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. सुरतेला असो की मुंबईला, माणूस जिवंत आहे म्हणून त्याची मूठ. तो रोट भाऊबंदांनीच खायचा. भाऊबंदांत कोणी वारलेलं असेल तर त्या वर्षी रोटच होत नाहीत, इतकं ते कडक. सीताअक्काच्या भाऊबंदकीत गहू मोजायचं काम तिच्याकडे होतं. तिने सगळी नावं घेतली, आपल्या मुलाचं घेतलं, आणि शेवटी कोणाला न सांगता एक मूठ नाववाल्या आबाच्या नावाने टाकली. लेकीकडे किती दिवस राहणार, त्याला सुखरूप माघारी आण, एवढंच तिने कानबाईला म्हटलं. हे तिनेच नंतर सांगितलं.

कानबाईसाठी माणसं लांबून घरी येतात. त्या वर्षी डॉक्टर जगदीशही आले. विसर्जन झालं, रोट खाऊन झाले, आणि ते सीताअक्काच्या पाया पडायला गेले. तिने त्यांना पाटावर बसवून विचारलं, तुमच्या देशाचा नाववाला आबा लेकीकडून कव्हय येई? डॉक्टरांना काय ठाऊक. ते हसत म्हणाले, अक्का, तो तर मेला. त्याच्यावरच तर एक भाग आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सीताअक्काच्या दिराने, भिकनआबांनी, आपल्या ओट्यावर मला आणि गुरुजींना बोलावलं. भाऊबंद जमले होते. भिकनआबा शांत माणूस, आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी सांगितलं की मेलेल्याच्या नावाची मूठ आमच्या रोटात पडली आणि आम्ही सगळ्यांनी ते खाल्लं. बाईने श्रद्धेने केलं, तिचा दोष नाही. पण तिला हे सांगितलं कोणी, एवढं आम्हाला कळू द्या.

कोणाला हसू येईल. मलाही एरवी आलं असतं. पण त्या ओट्यावर कोणी हसत नव्हतं. सीताअक्का दाराची चौकट धरून खाली बघत उभी होती. सबंध भाऊबंदकीत तिची मान खाली गेली होती, शिवाय सणाला बट्टा लागला होता तो वेगळाच.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते. एका वाक्याचं काम होतं: मी सांगायला लावलं, ते नको म्हणत होते. पण त्या भाऊबंदकीत माझी निम्मी गिऱ्हाइकं होती, आणि भडगावचा दुसरा केबलवाला गावाच्या वेशीपर्यंत तार घेऊन आला होता. मी म्हणालो, "आबा, मी तारा ओढणारा माणूस. इंग्रजी मला कुठे येतं? गुरुजी सांगतात ते मी लावतो."

गुरुजी अजून माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी भिकनआबांकडे वळून सांगितलं, "बोललो मीच. आवाज माझाच होता."

सीताअक्काने मान वर केली. "गुरजी," ती म्हणाली, "तुम्हीं माले फसाडं. मरेल माणूसना नावनी मूठ मी टाकी."

गुरुजींनी दोन्ही हात जोडले आणि ओट्यावरून उतरले. त्या गुरुवारी ते आले नाहीत. मीही बोलवायला गेलो नाही.

मी उरलेले भाग तसेच इंग्रजीत लावले. पाऊस तोच होता, हिरवळ तीच होती. तिसऱ्या आठवड्याला कोणी बघेना. तेव्हा मला कळलं की तीन गावांना त्या मालिकेचं वेड नव्हतं, आपल्या घरात येऊन आपल्या भाषेत खरं सांगणाऱ्या माणसाचं होतं. तारेची आणि बॅटऱ्यांची माझी घमेंड मी अजून सोडलेली नाही, ती सार्थ आहे. पण तारेतून जात होतं ते माझं नव्हतं.

गुरुजींचं जे गेलं ते हळूहळू गेलं. किराणा दुकानाच्या फळीवर बसलेले लोक त्यांना जाता-येता विचारत, गुरुजी, आज वार कोणता, खरा सांगा. ते खरा वार सांगून पुढे जात. मग ओट्यावर येणारे कागद कमी झाले. एका शेतकऱ्याने, त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्याने, जमिनीच्या मोजणीची नोटीस त्यांच्याकडून वाचून घेतली आणि तीच भडगावला एका वकिलाला दाखवून विचारलं की गुरुजींनी सांगितला तोच अर्थ आहे ना. तोच होता. पण ही गोष्ट गुरुजींच्या कानावर आली. दिवाळीनंतर त्यांनी घराला कुलूप लावलं आणि धुळ्याला मुलाकडे राहायला गेले. जाताना वाटेत माझं घर होतं. ते उभे राहिले नाहीत, मी दारात असूनही बाहेर आलो नाही.

सगळ्यात जास्त मला हे टोचतं: सीताअक्काचा राग वर्षभरात निवला होता. एकदा मी तिच्या गल्लीत शिडीवर होतो. ती खाली येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नाना, गुरजीले बलाव ना. गुरुवार सुना वाटस." मी वरूनच सांगितलं की ते आता येत नाहीत. मी एकदाही विचारलं नव्हतं. तिला तेव्हा शिडीवरून उतरून खरं सांगितलं असतं तर तिने अख्ख्या गावाला सांगितलं असतं, आणि बहुधा मला दोन शिव्या घालून चहाही दिला असता. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

पुढे घरोघरी कंपन्यांचे सेट-टॉप डबे आले, गावचॅनेल बंद झालं. मी माझ्या हाताने तारा गुंडाळल्या. धुळ्याला मी तीनदा गेलो. दोनदा लग्नात गाठ पडली आणि गर्दी होती, निदान मी स्वतःला तसं सांगितलं. तिसऱ्यांदा मात्र मुद्दाम गेलो, गेल्या वर्षी, माघात. देवपुरात मुलाचं घर आहे. गुरुजी खिडकीशी खुर्चीत बसले होते. बारीक झाले होते, पण केस नीट विंचरलेले, सदऱ्याला सगळी बटणं. त्यांनी मला लगेच ओळखलं. सूनबाई म्हणाल्या, काका, त्यांना आता अजिबात ऐकू येत नाही, इथे लिहा. असं म्हणून त्यांनी नातीची पांढरी पाटी आणि निळं पेन माझ्या हातात दिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

एसटीत दोन तास मी वाक्यं जुळवत गेलो होतो. सगळी बोलायची होती. बोललेलं अर्धवट सोडता येतं, मध्येच खोकता येतं. मी पाटी गुडघ्यांवर घेतली आणि लिहिलं: गुरुजी, त्या दिवशी भिकनआबांच्या ओट्यावर मी. आणि पेन थांबलं. शाळेत त्यांच्यासमोर थांबायचं अगदी तसं.

गुरुजी पुढे वाकून बघत होते. बहिरी माणसं बोलतात तसे ते मोठ्याने म्हणाले, "लिही सुभाष, लिही. मला वाचता येतं अजून. घाई नाही."

आतून कपबश्यांचा आवाज आला. सूनबाई येतील, वाचतील, असं माझ्या मनात आलं. मी तळहाताने पाटी पुसली आणि त्यावर लिहिलं: गुडघे कसे आहेत?

गुरुजींनी पाटी माझ्या हातातून घेतली. जवळ धरून वाचली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचली. मग ती माझ्याकडे परत दिली, पेन तिच्यावर आडवं ठेवून, आणि माझ्या हाताकडे बघत राहिले. चहा आला. मी तो प्यालो. तेव्हा कुठे ते म्हणाले,

"बरे आहेत."